वरच्यांना धाडलेला सांगावा

२३ मार्च १९८३, करंजगव्हाण

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून लिहायला बसलो आहे. छातीत धडधड होते म्हणून मुरुडला गेलो होतो. त्यांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "आप्पा, तुमच्या छातीत काही नाही. जे आहे ते डोक्यात आहे. जी फिकीर वाटेल ती वहीत लिहा आणि वही मिटून ठेवा." मी विचारलं, वही मिटल्यावर फिकीर आत गुदमरून आणखी वाढली तर? त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही निजामाच्या राज्यात, उर्दूतून. मराठी मी दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो. मुरुडला धान्याचं दुकान होतं तोवर तेवढं पुरलं. चुका होतील.

आजची फिकीर पाण्याची. गेल्या साली पावसानं दगा दिला, बहात्तर साली गावानंच खोदलेला पाझर तलाव तळापर्यंत आटला आणि विहिरीत आता बादली खडखडते. त्यात जिल्हा नवा झाला. आधी जुन्या जिल्ह्याकडून टँकर यायचा. आता तिकडचे म्हणतात, "तुम्ही नव्या जिल्ह्यात गेलात, तिकडं मागा." इकडचे म्हणतात, "तुमच्या गावाचा कागद अजून आला नाही, तुम्ही आमच्या यादीत नाही." सरपंच साहेबराव चपला झिजेपर्यंत फिरून आले. म्हणजे आमचं गाव जागेवर आहे, पण कुठंच नाही. रात्रभर हाच विचार. आपण मेलो तर दाखला कोण देणार?

२९ मार्च

शेषेराव गुरुजींनी आज शाळेत बोलावलं. ते विज्ञान शिकवतात. लग्न झालेलं नाही, त्यामुळे वाचायला वेळ मिळतो. नव्या जिल्ह्याचं पहिलं वर्ष म्हणून दर गावानं काही अभिनव उपक्रम करावा, असं परिपत्रक आलं आहे.

तलावाशेजारी शेत असलेला दगडोबाही आला होता. तो म्हणाला, "म्हंजी परिपत्रक धाडताना गाव यादीत हाय, पाणी धाडताना न्हाई?"

"परिपत्रक शाळेला आलंय, गावाला नाही," गुरुजी म्हणाले.

त्यांची कल्पना अशी. अमेरिकेनं काही वर्षांपूर्वी आभाळात एक यान सोडलं. त्यात तबकडी ठेवली आहे. दुसऱ्या ग्रहावर कुणी असेल तर त्यांना कळावं म्हणून तीत चित्रं, आवाज आणि पुष्कळ भाषांतले नमस्कार आहेत. मराठीसुद्धा. आपणही असा सांगावा द्यायचा. यान नाही, पण कोरडा तलाव आहे. त्याच्या तळावर चुना आणि दगडांनी एवढं मोठं चित्र काढायचं की वरून दिसलं पाहिजे.

मी विचारलं, "मराठी आधीच धाडली असेल तर पुन्हा कशाला?"

"भाषा नकोच, आप्पा. त्यांना भाषा येणार नाही, अक्षर येणार नाही, आपल्यातलं काहीच ठाऊक नसेल. तरी कळलं पाहिजे. खरी गंमत तीच आहे."

मला यात गंमत दिसेना. पण समितीत कोण, असं विचारल्यावर माझा हात वर गेला. का गेला हे कळलं नाही. कदाचित डास असेल. आता मी अध्यक्ष आहे.

२ एप्रिल

समितीची पहिली बैठक आमच्या ओसरीवर. अध्यक्षाच्या घरी नको तर कुठं? गुरुजी, साहेबराव, दगडोबा, चतुराबाई आणि बघायला आलेली अर्धी गल्ली. चतुराबाई समितीत नाही. तिची शेरडं तलावात चरतात म्हणून ती आली आणि सगळ्यात जास्त बोलली.

आलेल्या माणसाला आधी गूळपाणी, ही आमच्या घराची रीत. वडिलांच्या वेळेपासून आहे. मी बायकोला, महादेवीला, हाक मारली. तिनं पाणी आणलं. पुन्हा हाक मारली, पुन्हा आणलं. मग चहा सांगितला. चहाला हाक मारली तेव्हा तिनं दारातून माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. डोळ्यांत काही गेलं असावं.

बैठक छान झाली. ठराव काही झाला नाही.

४ एप्रिल

महादेवीनं मौन धरलेलं दिसतं. परवापासून बोलत नाही. कसलं व्रत आहे ते सांगितलं नाही, पण मौन असल्यावर सांगणार कशी? चांगलं आहे. या वयात बायका देवाकडं वळतात. मी तिच्या व्रतात अडथळा येऊ नये म्हणून काही विचारलं नाही.

जेवायला बसलो तर ताटापुढं तांब्या पालथा घातलेला. धूळ फार उडते आहे, बरोबर आहे. स्वतः उठून माठातून पाणी घेतलं. माठ फार वाकवावा लागला.

७ एप्रिल

आज चित्रावर चर्चा. गुरुजी म्हणाले, एक पुरुष आणि एक बाई काढू. आपण कसे दिसतो ते त्यांना कळेल.

मी म्हणालो, पुरुषाच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे हवेत. दगडोबा म्हणाला, "मग गळ्यात माळ बी पायजे." मी म्हणालो, माळ काढली तर गळ्यातलं लिंगही काढा. साहेबराव म्हणाले, डोक्यावर टोपी हवी, बोडका माणूस बरा दिसत नाही. गुरुजी म्हणाले, शास्त्राप्रमाणं अंगावर काहीच नको, शरीर कळलं पाहिजे.

चतुराबाई उठून उभी राहिली. "गुरुजी, मला शेरडं घिऊन रोज तिथनंच जायचं हाय. तुमी उघडानागडा बाप्या तळ्यात निजवणार आन मी त्याच्या पोटावरनं चालू व्हय?"

"अहो, ते विज्ञान आहे."

"आसंल की. इज्ञानाला म्हनावं धोतर नेस."

बाईच्या चित्रावर तर आणखी भांडण. पदर कोणत्या खांद्यावर, यात संध्याकाळ गेली. गुरुजींनी विचारलं, "वरच्यांना दोनच हात असतील कशावरून?" त्यावर दगडोबा आपली बोटं मोजायला लागला. घरी जाताना मला हळूच म्हणाला, "आप्पा, त्येंला चार हात आसले तर आपलं चित्र बघून त्ये आपल्याला थोटं म्हनतील." मला झोप आली नाही.

८ एप्रिल

तांब्या पालथा. धूळ.

१२ एप्रिल

आज मला मोठी फिकीर सुचली. इतके दिवस कुणाच्याच लक्षात कशी आली नाही?

समजा, सांगावा पोचला. समजा, ते आले. मग ते पाहुणे. कुठून आले असतील, किती दमले असतील. त्यांना आधी काय देणार? पाणी. कुठून? वडिलांनी उभ्या आयुष्यात दारात आलेल्या माणसाला कोरडं जाऊ दिलं नाही, आणि मी इतक्या लांबून माणसं बोलावतो आहे, घरात तांब्याभर पाणी नसताना. केवढी बेइज्जती. गावाची नव्हे, पृथ्वीची.

पळत गुरुजींकडं गेलो. म्हणालो, "सांगाव्यात एवढं घाला, की या, पण आत्ता नको. पाणी आल्यावर या."

गुरुजींनी डोकं धरलं. "आप्पा, 'या' काढता येईल. 'पाणी' काढता येईल. पण 'पण' कसं काढू?"

खरंच. 'पण' कसा दिसतो? मी वहीवर खूप प्रयत्न केला. एक खेकड्यासारखा झाला, एक मोडलेल्या नांगरासारखा. 'आल्यावर' तर जमेचना. पूर्वी जनावरांच्या बाजारात मी तेलंगी हेड्यांशी, म्हणजे गुरांच्या दलालांशी, रुमालाखाली बोटं दाबून सौदे केले आहेत. त्यांना मराठी नाही, मला तेलुगू नाही, तरी 'इतक्याला देतो, पण वासरू माझं' एवढं सगळं बोटांनी कळायचं. पण तिथं समोरच्याचा हात हातात असतो.

घरी आल्यावर महादेवीला मोठ्यानं विचारलं, "घरात पाणी नाही, पाहुणे आणू नका, हे न बोलता कुणाला कसं सांगायचं गं?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी घाबरलो. मग माझ्यासमोरचा तांब्या उचलला, दाणकन पुन्हा पालथा घातला आणि आत गेली. मौनात असं तिला विचारायला नको होतं. चुकलं माझं.

२० एप्रिल

चित्राचं काम सुरू झालं. शेवटी एकटाच पुरुष काढायचा ठरला, धोतर नेसलेला, टोपीवाला, कपाळ टोपीखाली झाकलेलं, म्हणजे पट्ट्यांचा वाद नको. दगड लावत लावत आम्ही कमरेपर्यंत आलो आणि मग घोटाळा झाला. माणूस मोठा आणि तलाव लहान. डावा पाय बांध ओलांडून दगडोबाच्या शेतात गेला.

दगडोबा समितीतला माणूस, पण लगेच आडवा झाला. "आज पाय टाकला, उद्या पुरा मानूस आत ईल. बांध कोरायची हीच रीत हाय."

गुरुजी म्हणाले, "अहो, तो मानवजातीचा प्रतिनिधी आहे."

"आसू द्या. मोजनी करून घ्या आन मग पाय टाका."

तेव्हा डावा पाय गुडघ्यात दुमडला. आता मानवजात एका पायावर उभी आहे. चतुराबाई म्हणाली, "बगळा ब्येस काढलाय."

२६ एप्रिल

मानवजात गेली. निम्मे दगड लोकांनी चुलीला नेले, निम्मे शेरडांनी तुडवले. टोपी तेवढी शिल्लक होती. तीही साहेबरावांनी उचलायला सांगितली, कारण नुसती टोपी दिसली तर वरचे लोक ते एखाद्या पक्षाचं समजतील.

गुरुजी तलावात एकटेच बसले होते. मला त्यांची दया आली. म्हणाले, "आप्पा, सगळं काढून टाकू. फक्त एक वर्तुळ. आपोआप इतकं गोल काही होत नसतं, म्हणजे ते कुणीतरी काढलंय एवढं नक्की कळेल. कुठल्याही सांगाव्यात पहिली गोष्ट तीच असते. आम्ही इथं आहोत. बाकी सगळं नंतर."

हे मला पटलं. आम्ही इथं आहोत. साहेबराव इतक्या कचेऱ्यांत हेच तर सांगत होते.

मधोमध खुंटी ठोकली, दोर बांधला आणि चुन्यानं रिंगण काढलं. चतुराबाईनं विचारलं, "ह्ये काय? भाकर?" मी म्हणालो, भाकर समज. भाकर कुणालाही कळते.

'या, पण पाणी नाही' यातला 'पण' कसा काढायचा ते सुचतंय का, असं तिला विचारलं. ती म्हणाली, "आप्पा, तुमी आदी दवाखान्यात जाऊन या."

५ मे

चोरी झाली आहे.

आज शेजारच्या निंबवाडीला गेलो होतो. तिथं माळावर काय पाहावं? चुन्याचं रिंगण! हुबेहूब आमच्यासारखं. गडी माळ झाडत होते, बाजूच्या बाभळी तोडल्या होत्या, हारांसाठी टोपल्या आणवल्या होत्या, आणि दोन पोलिस रिंगणावर पहारा देत होते. आमची कल्पना उचलली आणि वर पोलिस लावले!

मी तिथल्या एकाला विचारलं, "हे कुणासाठी?"

तो म्हणाला, "पाव्हनं येनार हायत. वरनं."

"वरून? कधी?"

"परवा सकाळी. सांगावा आलाय."

म्हणजे निंबवाडीला उत्तरही आलं! आम्ही महिनाभर बगळे काढत बसलो आणि यांना तारीखसुद्धा मिळाली. निंबवाडीचं असंच आहे. पक्की सडकही त्यांनाच आधी मिळाली.

गुरुजींना सांगावं तर ते पेपर तपासायला लातूरला गेले आहेत. साहेबरावांना सांगितलं. सडकेचा राग त्यांच्या मनात होताच. म्हणाले, "आप्पा, आपलं रिंगण त्यांच्यापरीस दुप्पट करायचं. कसं दिसत न्हाई वरनं, बघतोच."

बसव जयंतीला मठ रंगवायला आणलेला चुना पडून होता. तो सगळा काढला. देवा, रागावू नकोस, पुन्हा आणू.

६ मे

रिंगण झालं. पांढरंशुभ्र. बघून डोळे दुखतात. मधला तळ झाडून काढला. कडेला उरुसाचे जुने झेंडे लावले. सगळं गाव राबलं, चतुराबाईसुद्धा.

आता रात्र सरत नाही. पाणी! ते खरंच आले तर? निंबवाडीकडं टँकर येतो, ते पाणी देतील. आमच्याकडं आले तर काय करू? तेव्हा ते यावेत अशी इच्छा आहे, आणि येऊ नयेत अशीही आहे. 'पण' अजून काढता आलेला नाही.

७ मे

जे झालं ते झालं तसं लिहितो.

सकाळी उन्हं वर आल्यावर आभाळात घरघर सुरू झाली. आधी निंबवाडीच्या बाजूला एक ठिपका दिसला, मग तो वळला आणि सरळ आमच्याकडं आला. चतुराबाईची शेरडं चौखूर उधळली. दगडोबाचं धोतर वाऱ्यानं तोंडावर आलं, तो आंधळ्यासारखा गोल गोल फिरत राहिला. वरवरचा चुना उडाला आणि गाव पांढरं झालं. धुळीतून पाहिलं तर ते रिंगणाच्या बरोबर मधोमध उतरलेलं.

ते हेलिकॉप्टर आहे, एवढं मला नंतर कळलं. त्या घडीला कळलं नाही.

दार उघडून एक जण उतरला. कानांवर मोठाले डबे, डोळ्यांच्या जागी काळ्या काचा. दोन हात, दोन पाय. दगडोबाची भीती फुकट गेली. गावानं मला पुढं ढकललं. साहेबराव म्हणाले, "आप्पा, तुमी व्हा म्होरं. तुमाला उर्दू बी येती."

मी हात जोडले. तोंडातून निघालं, "तशरीफ ठेवा. आम्ही इथं आहोत."

त्यामागून सफारी घातलेले एक साहेब उतरले, घामानं चिंब. मराठीत म्हणाले, "निंबवाडी ना ही?"

निंबवाडीचं नाव घ्यायला जीभ वळेना.

"बरं, ते राहू द्या. उकाड्यानं जीव चाललाय. आधी जरा पाणी द्या."

मग सगळं गाव एकमेकांकडं बघायला लागलं. माझ्या छातीत असं धडधडलं की ते यंत्र पुन्हा सुरू झालं असं वाटलं. वडील डोळ्यांपुढं आले.

तेवढ्यात गर्दीतून महादेवी आली. हातात ताट. ताटात गुळाचा खडा आणि तांब्या. आमचाच, पालथा.

मी मनात म्हणालो, संपलं. ही बाई मौनात वेडी झाली. पाहुण्यापुढं कुणी पालथा तांब्या नेतं का?

साहेबांनी तांब्या उचलला आणि उलटा करून आत पाहिलं. बुडावरची धूळ सांडली, आत थेंब नव्हता. त्यांनी महादेवीकडं पाहिलं, मग तिच्यामागं उभ्या चुन्यानं माखलेल्या गावाकडं, मग आम्ही उभे होतो त्या तलावाच्या भेगांकडं. तांब्या हळूच परत ठेवला. सुलटा नव्हे, पालथाच, जसा होता तसा.

"हे कोणतं गाव?"

"करंजगव्हाण," साहेबराव म्हणाले.

सोबतच्या माणसानं कागद उलटसुलट पाहिले. "साहेब, हे यादीत नाही."

चतुराबाई म्हणाली, "यादीत नसलो तरी तहान लागतीया, साहेब."

साहेबांनी गुळाचा खडा उचलला आणि कोरडाच खाल्ला. अवघड गेला असावा, घशाशी हात नेला. मग निघून गेले. दुष्काळ बघायला निघालेले सरकारातले बडे साहेब होते, हे मागाहून कळलं. निंबवाडीच्या हारांचं काय झालं कुणास ठाऊक. दुपारी तिकडची माणसं भांडायला आली होती. साहेबरावांनी त्यांना बसवून घेतलं. पाणी मात्र विचारलं नाही.

९ मे

टँकर आला.

ड्रायव्हर गावाबाहेर थांबून विचारत होता, "चुन्याचं रिंगण असलेलं गाव हेच का? कागदावर नावाऐवजी तेवढंच लिहिलंय." पोरं रिंगण दाखवायला त्याच्यापुढं पळाली. आता रोज येणार म्हणाला. बायका हंडे घेऊन धावल्या. मीही धावलो. दम लागला, पण धडधड ती नव्हती.

संध्याकाळी महादेवी बोलली. व्रत सुटलं. मी म्हणालो, "पुरं झालं का?"

"काय पुरं झालं?"

"मौन."

तिनं भाकरी थापायची थांबवली. "आवो, त्या वरनं आलेल्या मानसाला एका नजरंत कळलं. न्हाई ओळख, न्हाई पाळख. आन तुमी? महिनाभर रोज ताटापुढं पालथा घालत हुते मी. घरात पानी न्हाई, गाव गोळा करू नका, एवढंच सांगत हुते. लगीन होऊन चाळीस वर्सं झाली की ओ."

मी म्हणालो, "मला वाटलं, धूळ."

ती हसायला लागली. आधी रागानं, मग नुसतीच. इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. मग करपलेली भाकरी माझ्या ताटात वाढली. याचा अर्थ मला लगेच कळला.

११ मे

गुरुजी लातूरहून आले. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे सांगावा पोचला म्हणायचं की नाही?" मी म्हणालो, ज्यांना धाडला त्यांना नाही, पण पोचला. गुरुजींना रिंगण ठेवायचं आहे. मी होकार दिला, आता कुणी आलं तर निदान तांब्याभर पाणी निघेल. मठाचा चुना मात्र जयंतीच्या आत आणायचा आहे, त्याची फिकीर लागली आहे.

आज जेवायला बसलो तर तांब्या सुलटा होता. पाणी होतं. पण अर्धाच भरलेला. पूर्ण का नाही? जपून वापरा असं सांगायचं आहे, की अजून थोडा राग आहे, की बैठक बोलवायची तर एकाच माणसाची बोलवा?

विचारलं तर पुन्हा पालथा होईल. म्हणून सगळं कळल्यासारखी मान डोलावली आणि प्यालो.